घाटाखालचे पाणी आणि अम्लाचा थेंब

कसारा स्टेशनाशी आपल्यापैकी पुष्कळांचा परिचय गाडीच्या खिडकीपुरताच आहे. १८६१ साली लोहमार्ग तेथवर आला आणि १८६५ साली थळ घाट चढून इगतपुरीस पोचला. सदतीस फुटांस एक फूट असा तो चढ! १९३० साली विजेची एंजिने येईपर्यंत हा घाट चढायचा तो वाफेच्या बळावर, म्हणजेच पाण्याच्या बळावर. एंजिन म्हटले की कोळसा सर्वांना आठवतो, पाण्याची चौकशी कोणी करीत नाही. आम्ही आज ती करणार आहो.

पाणी आटू लागले की त्यातील चुन्याचे क्षार बॉयलरच्या नळ्यांवर पुट धरतात. पाणी तापवायच्या तपेल्याच्या तळाशी बसतो तोच हा पांढरा थर. पुट चढले की कोळसा अधिक जळतो आणि नळी फुटण्याचे भय राहते. उपाय म्हणून सोडा घालावा, तर तो जास्त झाल्यास पाण्यास फेस येतो आणि वाफेबरोबर पाणीच सिलिंडरात शिरते. तेव्हा पाण्यात क्षार किती, हे आधी कळलेच पाहिजे. आणि डोळ्यांना तर सगळे पाणी सारखेच दिसते.

हे 'किती' काढण्याची युक्ती रेल्वेहून जुनी. ती निघाली कापड धुऊन शुभ्र करणाऱ्यांच्या गरजेतून. त्यांना लागणारा राखेचा क्षार व्यापारी भेसळ करून विकीत. १७५६ साली फ्रान्सिस होम या स्कॉटिश वैद्याने त्या क्षारावर सौम्य नत्राम्ल चमच्याचमच्याने घातले आणि फसफस थांबेपर्यंत चमचे मोजले. चमचे जास्त लागले तर माल कसदार! विद्येचा जन्म ज्ञानपिपासेतून होतो असे आपण म्हणतो. ही विद्या मात्र गिऱ्हाइकाच्या संशयातून जन्मली. पुढे फ्रान्समध्ये देक्रुआझीने चमच्याऐवजी रेघा आखलेली नळी घेतली, गे-ल्युसाकने तिला ब्युरेट हे नाव रूढ केले आणि १८५५ साली जर्मनीत मोरने या रीतीवर मोठा ग्रंथ काढला. त्याच वर्षी आपली आगगाडी कल्याणहून वासिंदला आली होती.

फसफस थांबली केव्हा, हे नेमके सांगणे कठीण. रंग पालटला हे सांगणे सोपे. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे आमच्या घरच्या बायकांना कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक आहे. प्रयोगशाळेत हेच काम १८७८ पासून मिथिल ऑरेंज करू लागले.

समजा, कसाऱ्याच्या विहिरीचे १०० घन सेंटिमीटर पाणी घेतले. मिथिल ऑरेंजने ते पिवळे दिसते. ब्युरेटमधून पन्नासांश-नॉर्मल अम्ल थेंबथेंब सोडले आणि सहा घन सेंटिमीटरांवर रंग नारिंगी झाला. या अम्लाचा प्रत्येक घन सेंटिमीटर चुनखडीच्या एका मिलिग्रॅमइतका. म्हणजे १०० घन सेंटिमीटरांत सहा, लिटरात साठ मिलिग्रॅम. ज्ञात अम्लाने अज्ञात क्षार मोजला. यालाच अनुमापन म्हणतात. कॉलेजात आम्ही उत्तर आधी विचारून घेत असू व ब्युरेटचे आकडे मागाहून बसवीत असू. तो आकडा कशासाठी हवा, हे कोणी सांगितले नव्हते.

तो अजूनही हवा असतो. शहापूर तालुक्यातील तानसा १८९२ पासून मुंबईची तहान भागवीत आहे. पुढे वैतरणा आणि भातसा आली. पावसाळ्यात गढूळ पाण्यास तुरटी देतात. एक मिलिग्रॅम तुरटी सुमारे अर्धा मिलिग्रॅम क्षारता खाते, आणि क्षारता संपली की गाळ नीट बसत नाही, पाणी अम्लधर्मी होते. म्हणून शुद्धीकरण केंद्रात आधी हेच थेंब मोजावे लागतात.

मुंबईच्या नळात पोचण्यापूर्वी या पाण्याची अशी कसून परीक्षा होते. ते जेथून जाते त्याच तालुक्यात, कसाऱ्याच्या आसपासच्या कित्येक पाड्यांवर, वैशाखात विहिरीला तळ लागलेला असतो आणि रिकामे हंडे रांगेत मांडून बायका टँकरची वाट पाहत बसलेल्या असतात.