सरांची मायनर

लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात १९४८ साली मॉरिस मायनर आली. हिंदुस्तान मोटर्सने तीच आपल्याकडे ‘बेबी हिंदुस्तान’ नावाने काढली. पुढे मूळ मायनरचं इंजिन ९१८ सीसीवरून १०९८पर्यंत वाढलं. क्लच मात्र शेवटपर्यंत सळ्या-दांड्यांचाच राहिला.

आपल्या विज्ञानाच्या सरांची मायनर मी गॅरेजात घेतली, तेव्हा तिला दुसरं इंजिन आणि गिअरबॉक्स बसवला. जुन्या सळ्या जुळेनात, म्हणून हायड्रॉलिक क्लच केला: पेडलला मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सपाशी स्लेव्ह सिलिंडर, मधल्या नळीत ब्रेक ऑईल. पेडल हलकं व्हावं म्हणून पाऊण इंची मास्टरला एक इंची स्लेव्ह जोडला. जोर जवळजवळ पावणेदोन पट मिळाला, पण क्लच पुरता सुटेना. हवा पुन्हा काढली, तरी गिअर टाकताना कर्रकन आवाज येई.

सर स्टुलावर बसून पाहत होते. म्हणाले, “दोन पिचकाऱ्यांचा प्रयोग विसरलास? पास्कल जोर देतो, तेवढं अंतर कापून घेतो.”

स्लेव्हही पाऊण इंची लावला. पेडल थोडं जड झालं, पण पहिला गिअर निमूट पडला.

सर, त्या तासाला मी मागच्या बाकावर गप्पा मारत होतो. आज कबूल करतो.