जळगावचे कविसंमेलन आणि जात्यावरची कविता

काव्यास प्रतिभा लागते, ही गोष्ट सर्वमान्य आहे. परंतु प्रतिभेच्या जोडीला आणखी दोन गोष्टी लागतात, त्यांचा विचार क्वचितच होतो. एक, रचना करावयास सवड. आणि दुसरी, रचलेले ऐकून घेणारा कान. पहिली ज्याची त्याने मिळवावयाची असते. दुसरी समाजाने द्यावयाची असते. ग्रंथकारांच्या सभा, कविसंमेलने, वाचनालयांतील व्याख्याने यांचे खरे प्रयोजन हा कान पुरविणे हेच होय. या दोहोंची सांगड कोठे जमते व कोठे चुकते, हे पाहावयास जळगावच्या इतिहासासारखे दुसरे उदाहरण विरळा.

मराठी ग्रंथकारांची पहिली सभा १८७८ साली पुण्यास भरली. न्यायमूर्ती रानडे व लोकहितवादी हे तिचे पुरस्कर्ते होते. पुढे १८८५ साली दुसऱ्या सभेचे आमंत्रण जोतीराव फुले यांना गेले, तेव्हा त्यांनी ते पत्राने नाकारले. कष्टकरी शूद्रादिकांच्या दुःखाची ज्यांस ओळख नाही, त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आपला मेळ बसणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ होता. हा आक्षेप केवळ त्या सभेपुरता नव्हता, हे पुढील वृत्तांतावरून श्रोत्यांच्या ध्यानात येईल.

जळगाव हे खानदेशातील कापसाचे व आगगाडीचे गाव. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले व जळगाव पूर्व खानदेशाचे मुख्य ठाणे बनले. परंतु काव्यरसिकांच्या नकाशावर हे गाव त्यापूर्वीच आले होते. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ साली येथून 'काव्यरत्नावली' हे मासिक सुरू केले. निव्वळ कवितेस वाहिलेले मासिक एका आडबाजूच्या गावातून चालवावे, हे धाडसच होते; पण ते चाळीसहून अधिक वर्षे चालले. त्या काळी कविता हा कोणाचा चरितार्थ नव्हता. केशवसुत शाळामास्तर, त्यांनीही आपल्या अल्प आयुष्यातील काही वर्षे याच खानदेशात, फैजपुरास, शिक्षकाच्या कामात घालविली. शाळेच्या वह्या तपासून, घरची चिंता वाहून उरेल त्या वेळात कविता लिहावयाची, हाच बहुतेकांचा क्रम. अशा लेखकांस मासिकाचा पुढचा अंक म्हणजे एक गोड तगादाच असतो.

याच जळगावी १९०७ साली कवींचे संमेलन भरले. अध्यक्षस्थानी डॉ. कान्होबा कीर्तिकर होते. हे पेशाने लष्करी वैद्य, वनस्पतिशास्त्राचे गाढे अभ्यासक आणि शिवाय कवी. एवढ्या व्यापातही काव्यास वेळ काढणाऱ्या या गृहस्थांच्या पुढे धरणगावी जन्मलेला सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा उभा राहिला व त्याने आपली कविता म्हणून दाखविली. सभा चकित झाली. कीर्तिकरांनी त्यास 'बालकवी' ही पदवी दिली आणि त्र्यंबक बापूजी ठोमरे हे नाव मागे पडून तेच नाव मराठीत कायम झाले. पुढे रेव्हरंड टिळकांनी या मुलास आपल्या घरी नगरास पुत्रवत् ठेवून घेतले. १९१८ साली जळगावनजीक भादली स्टेशनात आगगाडीच्या अपघाताने बालकवींचा अंत झाला, तेव्हा त्यांस अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. संमेलनानंतर अवघी अकरा वर्षे त्यांस लाभली. त्यांची कीर्ती ज्या निसर्गकवितेवर उभी आहे, तिचा मोठा भाग या वर्षांतला आहे. योग्य वेळी मिळालेली एक दाद काय करू शकते, याचा याहून चांगला दाखला नाही.

ही झाली नाण्याची एक बाजू. ज्या साली हे संमेलन भरले, त्याच साली त्याच गावात चौधरींच्या घरी सत्तावीस वर्षांची एक सून नांदत होती. असोदे हे तिचे माहेर; वयाच्या तेराव्या वर्षी ती जळगावी सासरी आली. तिला अक्षरओळख नव्हती. पहाटे दळण, मग चूल, मग शेत, असा तिचा दिवस. पुढे ऐन तिशीत तिला वैधव्य आले. सवड नावाची वस्तू या बाईच्या वाट्याला कधी आलीच नाही. म्हणून बहिणाबाईंनी काम थांबवून कविता केली नाही; कामातच केली. जात्याच्या फेऱ्यावर, शेताच्या वाटेवर, आपल्या लेवा पाटीदारांच्या बोलीत त्या गाणी जुळवीत व म्हणत. कविसंमेलनाचे आमंत्रण अशा घरी जाण्याचा प्रघात नव्हता. १९३६ साली माधव ज्यूलियन यांच्या अध्यक्षतेखाली साहित्यसंमेलन जळगावीच भरले. तेव्हाही मराठी वाचकांस हे नाव ठाऊक नव्हते. फुल्यांचा आक्षेप येथे मूर्तिमंत उभा राहतो.

परंतु ही कथा येथे संपत नाही. बहिणाबाईंचे चिरंजीव सोपानदेव हे १९०७ सालीच जन्मले व पुढे स्वतः कवी म्हणून नावारूपास आले. साहित्यिकांच्या मेळ्यांत ज्याचे कान तयार झाले, त्याला आपल्या आईच्या तोंडचे गाणे हे काव्य आहे, हे उमगले. त्यांनी व एका आप्ताने काही गाणी टिपून ठेविली होती. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई निवर्तल्या. मग ती वही आचार्य अत्रे यांच्या हाती गेली आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. जी टिपली गेली तेवढीच वाचली. बाकीची जात्याच्या घरघरीत विरून गेली. आज जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे. २०१८ साली ते देण्यात आले.

तात्पर्य, संमेलने निरर्थक नव्हेत; १९०७ च्या मेळ्याने मराठीस बालकवी दिला. पण ज्यास व्यासपीठापर्यंत येण्याचीच फुरसत नाही, त्याच्या दाराशी कोणी तरी वही घेऊन गेले पाहिजे. लिहिणाऱ्याने कामातून वेळ काढावा, आणि ऐकणाऱ्याने सभागृहाबाहेरही कान द्यावा. जळगावात ही दोन कामे वेगवेगळ्या घरी झाली. त्यांची गाठ एका मुलाने घातली, म्हणूनच हा ठेवा मराठीच्या पदरी पडला.