युद्धपटांतील पलटणी वाजंत्री व रायगड किनाऱ्याचे शिपाई

लष्करी बँड पडद्यावर आला म्हणजे सारी पलटण एकजीव भासते. पोषाख एक, पाऊल एक, ताल एक. परंतु हीं वाद्यें कोणाच्या हातीं आहेत, या प्रश्नाचें उत्तर युद्धपट सहसा देत नाहीं. तें नामावळींत शोधावें लागतें, हें आम्हांस येथें दाखवावयाचें आहे.

दुसऱ्या महायुद्धांत, इ. स. १९४३ मध्यें, हिंदुस्थान सरकारनें 'इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया' हें खातें काढिलें. त्याच सालीं 'इंडियन न्यूज परेड' हा साप्ताहिक वार्तापट सुरू झाला, व संमत पट दाखविणें चित्रगृहांस सक्तीचें झालें. ते इंग्रजी, हिंदुस्थानी, बंगाली, तमिळ व तेलुगु भाषांत निघत, मराठींत नव्हे. ज्या किनाऱ्यानें मुंबईच्या फौजेस पिढ्यानुपिढ्या शिपाई पुरविले, त्याची भाषाच तेथें नव्हती.

रायगड जिल्ह्यांतील (१९८१ पूर्वींचा कुलाबा) दोन समाज या संबंधांत विशेष लक्षांत घेण्याजोगे आहेत. अलिबाग-रेवदंड्याकडील बेने इस्रायलांचीं उपनांवें गांवांवरून पडलीं: किहीमचे ते किहीमकर, दिव्याचे ते दिवेकर. कंपनीच्या फौजेंतील अंमलदार समाजी हसाजी दिवेकर यांनीं १७९६ सालीं मुंबईंत सिनेगॉग बांधिलें. 'आलम आरा' या १९३१ च्या बोलपटाचे लेखक जोसेफ डेव्हिड हे पेणकर. उपनांव नसतें, तर चित्रपटसृष्टीचा पेणशीं असलेला हा धागा कोणास दिसला असता?

दुसरा समाज महाडकडील महारांचा. १८१८ च्या कोरेगांवच्या लढाईच्या स्तंभावर मृतांपैकीं बावीस नांवें 'नाक' या प्रत्ययानें ओळखतां येतात. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद झाली. महाडजवळील रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर यांनीं १८९४ सालीं त्याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१७ मध्यें १११ वी महार पलटण उभी राहिली, १९२१ सालीं मोडली, आणि १९४१ च्या ऑक्टोबरांत बेळगांवीं महार रेजिमेंट पुन्हा निघाली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगांवचाच स्तंभ होता. म्हणजे वार्तापट सुरू झाले तेव्हां हें पुनरागमन अवघें दोन वर्षांचें होतें. संचलनाचें चित्र पाहून हा पन्नास वर्षांचा खटाटोप कोणास कळणार?

हें केवळ आपल्याकडेंच घडलें असें नव्हे. अमेरिकेच्या युद्धखात्यानें १९४४ सालीं 'द निग्रो सोल्जर' हा पट काढून कृष्णवर्णी सैनिकांचा गौरव केला. पण त्यांच्या तुकड्या निराळ्याच होत्या. तो भेद मोडण्याचा अध्यक्षीय हुकूम १९४८ सालीं निघाला. पट गौरव करितो, म्हणून पलटणींत समता होती असें अनुमान काढूं नये. आणि पटांत कोणी दिसत नाहीं, म्हणून तो रणांगणावर नव्हता असेंही म्हणूं नये.

कंपनीच्या हजेरीपटांत ड्रमर व फायफर यांचे हुद्दे शिपायांहून निराळे मांडीत. वादकांचा शोध तेथूनच आरंभावा. महाड, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या तालुक्यांतील घरांत पेन्शनचे कागद, सुटीचे दाखले, अथवा पाठीवर नांवें लिहिलेलीं पलटणीचीं छायाचित्रें असल्यास संग्राहकांनीं त्यांच्या नकला करून घ्याव्यात, व नांव, गांव आणि हुद्दा हीं तिन्ही जशींच्या तशीं उतरावीं. प्रत्यय किंवा उपनांव 'शुद्ध' करण्याचा मोह टाळावा; कारण पुरावा आहे तो तेथेंच.