बंबाची राख

ठाणे जिल्ह्यात गरम पाणी फुकट मिळतं ते तानसा नदीकाठी, वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरीच्या कुंडांत. बाकी सगळीकडे त्याची किंमत कुणीतरी मोजतंच. आमच्या मुरबाडकडच्या घरी ती आई मोजायची. पहाटे उठून मागच्या पडवीत चुलाणं पेटवायचं, ओल्या काटक्या फुंकून डोळे लाल करून घ्यायचे. आधी आजोबा, मग वडील, मग शाळेत जाणारी आम्ही पोरं. आईची पाळी यायची तेव्हा हंड्यात कोमट पाणी आणि चुलाण्यात राख.

पुढे तांब्याचा बंब आला. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. लाकूड कमी लागायचं, पण पेटवणारे हात तेच राहिले.

१८५४ साली आगगाडी कल्याणला पोचली. पुढे त्या रुळांच्या आधाराने डोंबिवली, ठाकुर्ली वाढत गेली. ठाकुर्लीच्या चोळा पॉवर हाऊसमध्ये रेल्वेसाठी वीज तयार व्हायची, पण चाळींतल्या आंघोळीचं पाणी कितीतरी वर्षं वखारीतल्या लाकडावर, नाहीतर रॉकेलच्या स्टोव्हवरच तापलं. नंतर गॅस आला, गिझर आले. २००५च्या आसपास भारनियमन असं काही बोकाळलं की गिझर भिंतीवर नुसता शोभेला. त्याच दशकात ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी नव्या इमारतींवर सौर बंब सक्तीचे केले. लोकलमधून पाहिलं तर गच्च्यांवर ते दिसू लागले.

आम्ही टिटवाळ्याला घर बांधायला काढलं तेव्हा हा सगळा इतिहास चर्चेला बसला. भाऊ म्हणाला, "गॅसचा गिझर घेऊ, स्वस्त पडतो." पण बंद न्हाणीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला ना रंग ना वास. माणूस आतल्या आत जातो. तो बसवायचाच तर न्हाणीबाहेर, मोकळ्या हवेत. विजेचा हिशेब मी मांडला: १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण ४ युनिट, रोजचे. सौर बंबाला पहिला खर्च जास्त, पावसाळ्यात त्याचा भरवसा नाही, म्हणून आत विजेची कॉइल हवीच. आमचं पाणी बोअरचं, जड. तांब्याच्या बारीक नळ्या क्षारांनी लवकर तुंबतात, तेव्हा काचेच्या रुंद नळ्या बऱ्या. आणि गार पाण्याची टाकी सौर बंबापेक्षा उंचावर पाहिजे, ते गवंड्याला स्लॅब टाकायच्या आधीच सांगायचं.

वडील म्हणाले, "जुना बंब आहे की. लाकडावरच्या पाण्याची मजा वेगळी."

मी विचारलं, "पेटवणार कोण?"

कुणी बोललं नाही.

आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "पहाटे पाचला पाणी पायजे. आणि पयलं पाणी माझं. मग काय ते बसवा."

एवढ्या एका वाक्यानं निकाल लागला. दिवसभर तापलेलं पाणी जाड आवरणाच्या टाकीत रात्रभर ऊब धरून राहतं आणि पहाटे तयार असतं. कुणी उठून पेटवावं लागत नाही. सौर बंब घेतला, काचेच्या नळ्यांचा, कॉइलसकट. गरम पाण्याची पहिली तोटी आईच्या न्हाणीत काढली.

आता ती सगळ्यांच्या आधी आंघोळ करते. तक्रार तिची एकच: "राख न्हाई रे घरात. भांडी कशानं घासू?"