कॉलेज जवळ आलं, परीक्षा लांब गेली

स्मरणिकेच्या मंडळींनी मला विषय दिला होता, 'आपल्या शाळेने घडवलेले डॉक्टर'. काम सोपं वाटलं. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर जो लाकडी फलक आहे, त्यावरची नावं उतरवून घ्यायची आणि चार ओळी जोडायच्या. दिवाळीच्या सुट्टीत वही घेऊन गेले. आपल्या १९८९ च्या दहावीच्या बॅचची तिथे तीन नावं आहेत. अकरावीला 'मेडिकलला जायचं' म्हणून बायॉलॉजी घेतलेले आपण किती जण होतो, हे मी बोटांवर मोजलं. एकोणीस. उरलेल्या सोळांत मीही आहे. म्हणून मंडळींची माफी मागून विषय थोडा बदलते. एकोणिसांबद्दल लिहिते, आणि त्यांच्या आधीच्या व नंतरच्यांबद्दलही. गेली पंचवीसहून अधिक वर्षं मी जळगावात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, तेव्हा यातला बराच इतिहास माझ्या डोळ्यांसमोर घडलेला आहे.

आधी जुनं थोडक्यात. जळगावात मूळजी जेठा महाविद्यालय १९४५ साली सुरू झालं आणि खानदेशातल्या मुलांची विज्ञान शिकायला घर सोडून जायची गरज कमी झाली. पण डॉक्टर व्हायचं तर घर सोडावंच लागे. इंटर सायन्सचे मार्क घेऊन पुण्याचं बी. जे. गाठायचं, नाहीतर मुंबई. १९५६ नंतर औरंगाबादचाही रस्ता उघडला. आपल्या शाळेतले निवृत्त गणिताचे सर सांगत, त्यांच्या वर्गातला एक जण पुण्याला मेडिकलला गेला तेव्हा त्याला पोहोचवायला निम्मी गल्ली स्टेशनवर आली होती. सांगताना सरांचा सूर कौतुकाचा असे, पण वाक्याचा शेवट ठरलेला, 'आणि आम्ही बाकीचे घरी आलो.'

१९७५ साली नव्या पद्धतीची दहावी आली, मागोमाग बारावी आली, आणि इंटरच्या जागी बारावीचे मार्क बसले. आपण सापडलो ते याच काळात. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी या तीन विषयांचे तीनशेपैकी मार्क, म्हणजे पीसीबी. प्रवेशाला बाकी काही लागत नसे. बारावीच्या त्या आठ-दहा दिवसांत जे होईल ते खरं.

आता त्या दिवसांबद्दल जरा सविस्तर, कारण आपल्या मुलांना ते खरे वाटत नाहीत. आपण सगळे मराठी माध्यमाचे. दहावीला 'प्रकाशसंश्लेषण' अशी झोकात व्याख्या लिहिणारे आपण अकरावीच्या पहिल्याच तासाला 'फोटोसिंथेसिस' ऐकून एकमेकांकडे बघत बसलो. मी वहीच्या मागे शब्दांची यादी केली होती. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे बाईंनी शाळेत शिकवलेला शब्द. दिवाळीपर्यंत यादी सहा पानांची झाली. गंमत म्हणजे विषय कळत होता, वाक्य कळत नव्हतं. सहामाहीला फिजिक्समध्ये मी काठावर पास झाले. आबांनी मार्क पाहिले, चष्मा काढून पुसला आणि काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

बाहेरगावची मुलं खोली करून राहत. एका खोलीत चार जण, एक टेबल, टेबलाला पाळी लावलेली. त्यांचे डबे एसटीने येत. सकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडे आई डबा देई, बारा वाजता स्टँडवर जाऊन तो उतरवून घ्यायचा आणि रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत. आपल्या वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलाचा डबाही असाच येई. कळण्याची भाकरी, ठेचा, हंगामात भरीत. डब्याच्या झाकणात त्याची आई बहिणीकडून चिठ्ठी लिहून घेऊन घाली. एकदा त्याने ती वाचून दाखवली होती. 'पोऱ्या, जेवीसन अभ्यास कर', एवढंच. तो जेवायचा आणि मग रात्री दोनपर्यंत वाचायचा. फिजिक्सचं गणित सुटलं की त्या दिवशी हा मुलगा राजा. नाही सुटलं की खोलीतल्या कोणाशी बोलणं नाही. आम्ही मुलीही काही वेगळ्या नव्हतो. चाचणीत एक मार्क जास्त पडला की दोन दिवस डॉक्टर, कमी पडला की दोन दिवस कोणीच नाही.

तेव्हा 'ड्रॉप' नावाची एक सोय होती. पहिला पेपर वाईट गेला तर उरलेले सोडून द्यायचे आणि पुढच्या मार्चला पुन्हा बसायचं. १९९१ च्या परीक्षेत त्या मुलाचा फिजिक्सचा पेपर मनासारखा गेला नाही आणि त्याने ड्रॉप घेतला. माझाही गेला नव्हता. मी घरी येऊन ड्रॉपचा विषय काढला, तर आबा म्हणाले, "मुलीचं वर्ष वाया घालवायचं नाही." आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. उरलेले पेपर मी दिले. प्रवेशाच्या यादीला मला चार मार्क कमी पडले. गुणपडताळणीचा अर्ज केला, त्यातून काही निघालं नाही, आणि जुलैत मी बी.एस्सी.ला होते. दोन वर्षांनी माझ्या धाकट्या भावाने इंजिनिअरिंगसाठी ड्रॉप घेतला, तेव्हा घरात कोणाला वर्ष वाया जाताना दिसलं नाही. आबा आता नाहीत आणि हे मी त्यांना कधी विचारलंही नाही. पण आपल्या एकोणिसांत मुली आठ होत्या आणि ड्रॉप एकीनेही घेतला नव्हता, हे लिहून ठेवते. मुलांपैकी पाच जणांनी घेतला होता.

याच सुमाराला आपल्याकडे दुसरी एक मोठी गोष्ट घडत होती, पण अभ्यासाच्या गडबडीत आपलं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तेच भाऊसाहेब हिरे यांच्या नावाचं. खानदेशातलं हे पहिलं सरकारी मेडिकल. १५ ऑगस्ट १९९० रोजी पुणे विद्यापीठापासून वेगळं होऊन जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघालं. म्हणजे आपण बारावीला होतो त्याच वर्षी एसटीने दोन-तीन तासांवर मेडिकल कॉलेज आणि गावात विद्यापीठ. धुळ्याला जागा मात्र बरीच वर्षं मोजक्याच होत्या. महाराष्ट्रात १९८३-८४ पासून विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळू लागली होती, पण तिथली फी ऐकून आपल्यापैकी बहुतेकांचे वडील विषय बदलत.

१९९८ मध्ये मी शिकवायला लागले आणि १९९९ मध्ये सीईटी आली. मेडिकलला बारावीच्या मार्कांचं महत्त्व संपलं आणि दोनशे प्रश्नांची, पर्याय निवडायची परीक्षा आली. त्यातले शंभर प्रश्न जीवशास्त्राचे, म्हणून आमचा तास अचानक भरू लागला. मी मनापासून खूश होते. एका पेपर तपासणाऱ्याच्या मूडवर कोणाचं आयुष्य ठरणार नाही असं वाटलं, आणि ते बऱ्याच अंशी खरंही होतं. पण 'व्याख्या लिहा' म्हटल्यावर आकृती काढून समजावणारी मुलं चार पर्यायांसमोर गोंधळू लागली, आणि पर्याय खोडायची हातोटी शिकवणारे क्लास उभे राहिले. हुशार मुलं दहावीनंतर लातूरला जाऊ लागली. पूर्वी जामनेर-एरंडोलची मुलं जळगावला खोली करत, आता जळगावची मुलं लातूरला. डबा एवढ्या लांब जात नाही, तेव्हा मेस आली.

यात आणखी एक भानगड होती. सत्तर-तीसचं सूत्र. कॉलेजातल्या सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना, तीस टक्के राज्यातल्या सगळ्यांना. विभाग तीन होते, विदर्भ, मराठवाडा आणि 'उर्वरित महाराष्ट्र'. आपला खानदेश या 'उर्वरित'मध्ये, मुंबई-पुण्याच्या सोबत. तापीकाठच्या मराठी माध्यमाच्या मुलाची स्पर्धा दादर-कोथरूडशी, हे मी वर्गात सांगितलं की मुलं हसत. सप्टेंबर २०२० मध्ये हे सूत्र रद्द झालं. त्यावर खूप वाद झाले, पण मला तरी त्या 'उर्वरित' शब्दाचं दुःख वाटलं नाही.

सगळ्यात वाईट वर्ष कोणतं असं मला विचारलं तर २०१६. त्याआधी २०१३ मध्ये 'नीट' एकदा येऊन गेली होती. त्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली आणि २०१४, २०१५ ला पुन्हा सीईटी झाली. २०१६ ची बॅच राज्य मंडळाच्या पुस्तकांवर सीईटीची तयारी करत होती. परीक्षा ५ मे रोजी. २८ एप्रिलला न्यायालयाचा आदेश आला, की प्रवेश याच वर्षीपासून 'नीट'ने. पहिला टप्पा १ मे, दुसरा २४ जुलै. मग ५ मेची सीईटी द्यायची की नाही? मुलांनी दिली. ९ मेला न्यायालयाने सांगितलं, राज्याच्या परीक्षा चालणार नाहीत, फक्त नीट. दिलेला पेपर वाया गेला असं समजून माझ्या वर्गातली मुलं जळगावच्या ४३-४४ अंशांच्या उन्हात एनसीईआरटीची पुस्तकं शोधत फिरू लागली. दुकानात एक संच आला की त्याची झेरॉक्स दहा घरांत. अभ्यासक्रमाचे कोणते धडे वेगळे आहेत याची यादी करून मी ती वाटत होते आणि ती बरोबर आहे की नाही, याची मलाच खात्री नव्हती. एक मुलगी रोज सकाळी घरी येई, ओट्यावर बसे, काही विचारत नसे, पाणी पिऊन जाई. २४ मेला अध्यादेश निघाला, की या वर्षापुरती राज्याची सीईटी ग्राह्य. म्हणजे ५ मेचा पेपर पुन्हा जिवंत झाला. ज्यांनी तो 'आता काय उपयोग' म्हणून अर्ध्या मनाने दिला होता, त्यांचं काय झालं हे कुठल्याच आकड्यात येणार नाही. ती ओट्यावरची मुलगी आज फिजिओथेरपिस्ट आहे, चांगली चालते तिची प्रॅक्टिस.

२०१७ पासून सरळ नीट. १८० प्रश्न, ७२० मार्क, चुकलं की वजा एक. पेपर मराठीतही मिळतो, पण माझ्या वर्गात तो घेणारी मुलं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मुलांना आता कोट्याला घेऊन जातात. भुसावळला गाडीत बसवताना आयांची तोंडं पाहवत नाहीत. आणि उलट बाजूने कॉलेजं अगदी दारात आली. धुळ्याला हिरे मेडिकल होतंच, तिथे नि जळगावला खासगी कॉलेजं झाली, २०१८ मध्ये जळगावच्या सिव्हिलला लागून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची शंभर जागांची पहिली बॅच बसली, २०२० मध्ये नंदुरबारलाही सुरू झालं. माझ्या लहानपणी खानदेशात एकही मेडिकल कॉलेज नव्हतं, परीक्षा मात्र गावातल्या पुस्तकावर, गावातल्या सरांच्या हाताखाली होई. आता मेडिकल कॉलेजासमोरून माझी स्कूटर रोज जाते, आणि तिथे शिरायची वाट कोट्यावरून आहे. फक्त सरकारला दोष देऊन मी मोकळी होत नाही. माझ्या भाच्याला क्लासला पाठवा असं बहिणीला मीच सांगितलं होतं.

हे लिहिताना त्या पहिल्या नंबरच्या मुलाला फोन केला. १९९२ ला तो पुन्हा बसला होता आणि दीड मार्काने राहिला. आयुर्वेदाला मिळत होतं, घेतलं नाही. गावी परत गेला. आज त्याचं कृषी सेवा केंद्र आहे, केळी-कपाशीवरचा रोग पान बघून सांगतो, पंचक्रोशीतले शेतकरी त्यालाच 'डॉक्टर' म्हणतात म्हणे. २०१४ च्या आपल्या पंचविशीच्या मेळाव्याला तो आला नव्हता. आपण तेव्हा 'एवढा हुशार पोरगा वाया गेला' असं जेवणाच्या पंगतीत बोललो होतो. मीही बोलले होते. त्याने विचारलं, "तुला किती कमी पडले होते गं?"

"चार."

"मग मी तुझ्या पुढेच," म्हणून तो मोठ्याने हसला. नंतर जरा थांबून म्हणाला, "लिही, पण नाव नको. आणि त्या फलकाजवळ फोटो काढायला लावणार असाल तर मी येत नाही."

फलकाजवळ फोटो काढायचा नाही, असं मी त्याला परस्पर कबूल केलं आहे. संयोजकांनी कृपया सांभाळून घ्यावं. एकोणिसांपैकी चौदा जणांचा पत्ता लागला आहे. पाच राहिले, त्यांत तिघी जणी लग्नानंतर आडनाव बदलून गेलेल्या. कोणाला त्यांचा ठावठिकाणा माहीत असेल तर येताना नंबर घेऊन या. मी नोंदणीच्या टेबलापाशीच असेन.