वर्ष कोणाचे? गाण्याचे की ऐकणाऱ्याचे?

वडिलांच्या वह्या आवरताना एक जाड वही हाती लागली. 1963 पासून दरवर्षीच्या डिसेंबरात त्यांनी तीत त्या वर्षातली आपली आवडती गाणी लिहून ठेवली आहेत. प्रत्येक पानावर वर्ष, गाणे, गायक, आणि कोठे ऐकले. कवीचे नाव सुरुवातीची आठ-दहा वर्षे कुठेच नाही. मराठीच्या अध्यापकाला हे खटकायचेच, असो.

वर्षाची गाणी क्रमाने लावण्याची ही सवय त्या पिढीला कोठून लागली, हे सांगायला नको. 3 डिसेंबर 1952 ला रेडिओ सिलोनवरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि बुधवारची रात्र अमीन सयानींची झाली. या कार्यक्रमाच्या यशामागे एका मराठी माणसाचा हात आहे, तो मात्र नकळत. 1952 ते 1962 या काळात नभोवाणी खाते सांभाळणारे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मूळ पुण्याचे, स्वतः शास्त्रीय संगीताची तालीम घेतलेले. चित्रपटगीते लोकांची अभिरुची बिघडवतात, असे त्यांचे ठाम मत. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीची दारे या गीतांना जवळजवळ बंद झाली आणि श्रोता समुद्रापलीकडच्या केंद्राकडे वळला. अखेर 1957 मध्ये 'विविध भारती' काढून सरकारने तो मार्ग स्वतःच मोकळा केला.

केसकरांची थट्टा करणे सोपे आहे. परंतु त्यांच्याच काळात आकाशवाणीवर सुगम संगीताला जागा मिळाली, आणि 1 एप्रिल 1955 रोजी पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले. सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने, दर आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर छप्पन्न गीते. माडगूळकर आणि फडके दोघेही चित्रपटसृष्टीतलेच, ही त्यातली गंमत. गीतमाला आणि गीतरामायण ही एकाच धोरणाची, एक नको असलेले आणि एक हवे असलेले, अशी दोन अपत्ये म्हणता येतील.

पण एक फरक राहिला. गीतमालेत क्रमांक होते. ध्वनिमुद्रिकांची विक्री आणि श्रोतासंघांची पत्रे यांवरून ते ठरत. मराठी भावगीताला असा क्रमांक कोणी दिला नाही. मुंबई केंद्राच्या 'आपली आवड'मध्ये फर्माईश करणाऱ्यांची नावे वाचली जात, एवढेच. त्यामुळे मराठी गाण्यांची वार्षिक यादी लिहिली गेली असेल तर ती अशा घरगुती वह्यांमध्येच.

माझ्या मते या याद्या इतिहासाचे साधन म्हणून अधिक मोलाच्या आहेत. विक्रीचा आकडा गाणे किती जणांपर्यंत पोहोचले ते सांगतो. कोणाच्या आयुष्यात ते कधी शिरले, हे सांगत नाही. वडिलांच्या 1974 च्या पानावर त्या वर्षातले एकही नवे गाणे नाही. सगळी जुनीच आहेत, पण त्यांनी ती त्या वर्षी ऐकली. आपले वाङ्मयेतिहास प्रथमावृत्तीच्या सालाने रचले जातात. वाचकाचे साल वेगळे असते, याची नोंद कोठे होते?

1984 चे पान तर बोलके आहे. त्या वर्षी आम्ही वाशीला राहायला आलो. खाडीपूल होता, रेल्वे नव्हती. वडील फोर्टातल्या कचेरीतून बसने परतत तोवर रात्रीचे जेवणही निवून गेलेले असे. त्या पानावर तीनच गाणी आहेत, तिन्ही रविवारची. पुढली सात-आठ वर्षे अशीच रोडावलेली. मे 1992 मध्ये वाशी स्थानक सुरू झाले आणि त्या डिसेंबरात यादी पुन्हा अकरावर गेली. एवढ्यावरून नवी मुंबईच्या अभिरुचीविषयी सिद्धान्त मांडण्याचा मोह मी आवरतो. पण विद्यार्थ्यांना हे पान दाखवतो. गाणी कमी झाली ती अभिरुची बदलली म्हणून, असे त्यांच्यातल्या बहुतेकांना आधी वाटते.

वहीच्या शेवटच्या पानावर, बऱ्याच नंतरच्या थरथरत्या अक्षरात, 1955 असे साल आहे. तेव्हा वडील दहा वर्षांचे, वाईत. खाली एवढेच लिहिले आहे: "गीतरामायण. शेजारच्यांचा रेडिओ. आम्ही ओटीवर, दार उघडे."