तायक्वांदो: लाथ लागली, मग गुण का नाही?
मुरुडला घरी मोबाईलवर पॅरिस 2024 ची पुरुषांची 58 किलो गटाची लढत बघताना धाकट्या भावाने विचारलं, "दादा, लाथ लागली की! गुण का नाही?" उत्तर सेन्सरमध्ये आहे.

खेळाडूच्या मोज्यांत चुंबक असतात, छातीच्या कवचात आणि हेल्मेटमध्ये सेन्सर. मोजा कवचाला लागला आणि धक्का ठरलेल्या मर्यादेइतका जोरात बसला, तरच वायरलेस सिग्नल जातो. साधी लाथ अंगावर 2 गुण, डोक्यावर 3. बुक्कीचा 1 गुण मात्र पंच बटण दाबून देतात.

अंगावरच्या धक्क्याची मर्यादा वजनगटानुसार बदलते. 58 किलोत पुरणारी लाथ 80 किलोत वाया जाऊ शकते. म्हणजे सेटिंगमध्ये गट चुकला, तर निकालच चुकेल. मशीन फक्त मोजतं. किती मोजायचं, ते माणूसच ठरवतो.